बाल्कनी आत घेण्याआधी

मुलुंडला किंवा बोरिवलीला फ्लॅट घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात बाल्कनी आत घेतो आणि दुसऱ्या महिन्यात ग्रिल बाहेर काढतो. लिनक्सवर नव्याने आलेल्यालाही तीच खाज असते. उबुंटूचा ग्नोम डेस्कटॉप त्याला बोडका वाटतो, म्हणून तो एक्स्टेन्शन्स, म्हणजे डेस्कटॉपला जोडायचे छोटे प्रोग्राम, शोधू लागतो. खरं तर डावीकडची आयकॉनांची पट्टी हेसुद्धा एक्स्टेन्शनच, ‘डॅश टू डॉक’वरून उबुंटूने बेतलेलं. म्हणजे एक बाल्कनी बिल्डरनेच आत घेऊन दिलीय. पण समाधान होईल तर शपथ.

एक्स्टेन्शन बसवणं सोपं आहे. ‘एक्स्टेन्शन मॅनेजर’ नावाचं ॲप घ्या, हवं ते शोधा, इन्स्टॉल दाबा. ब्राउझरमधूनच बसवायचा हट्ट असेल, तर आधी ब्राउझरमध्ये एक वेगळं एक्स्टेन्शन लागतं, शिवाय मध्ये एक कनेक्टर. एनओसी मिळवण्यासाठी एनओसी. सोसायटीत राहणाऱ्याला हे समजावायला नको.

मी पहिल्याच रात्री १४ बसवली. स्क्रीन झोपू नये म्हणून ‘कॅफीन’, आणि घाटकोपरला पाऊस पडतोय हे कळावं म्हणून वरच्या पट्टीवर हवामान. खिडकी दोन फुटांवर होती. सकाळी लॉगिन केलं, तर स्क्रीन काळी. ही सगळी मंडळी डेस्कटॉप चालवणाऱ्या ग्नोम शेलच्या आतच चालतात. वरच्यांची मोरी गळली की खालच्यांचं छत ओलं, तसं एक बिघडलं की अख्खा डेस्कटॉप आडवा.

म्हणून आधी काढायला शिका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर लॉगिन करा. होममध्ये ‘लोकल’ नावाचा लपलेला फोल्डर आहे (नावाआधी टिंब), त्यात शेअर, त्यात ग्नोम-शेल, त्यात एक्स्टेन्शन्स. संशयिताचा फोल्डर तिथून हलवा आणि पुन्हा लॉगिन करा. ॲपमध्ये एक्स्टेन्शनचं नुसतं बटण बंद करणं म्हणजे सामान माळ्यावर टाकणं. आणि फोल्डर उडवला तरी त्याच्या सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या सेटिंग्जच्या कोठारात राहतातच; ग्रिल काढलं तरी भिंतीला भोकं असतात ना, तशा.

ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. सप्टेंबर २०२३मध्ये ४५ क्रमांकाची आली, तिने जावास्क्रिप्टची मोड्यूल्स जोडायची पद्धतच बदलली आणि जुनं एकही एक्स्टेन्शन दुरुस्तीशिवाय चालेना. पुनर्विकासच, फक्त भाडं मिळत नाही. काही धाडसी लोक एक्स्टेन्शनच्या मेटाडेटा फाइलमध्ये नव्या आवृत्तीचा आकडा स्वतःच टाकतात. ओसी नसताना राहायला जाण्यातला प्रकार. कधी कधी निभतंही.

हवामानाचं मात्र आत्ताच काढा, आणि ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे आत घ्या.