दीड मीटरचा कायदा

सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर जागा सोडावी, असा नियम जर्मनीने 2020 मध्ये केला. तो अचलपुरात लागू करायचा तर जुन्या शहरातली निम्मी घरे मागे सरकवावी लागतील. दुल्हा दरवाज्याचे काय करायचे, हे पुरातत्त्ववाल्यांनी बघावे.

परतवाड्याच्या रस्त्यावर सायकलच्या वाट्याला डांबर संपून गिट्टी सुरू होते तेवढी पट्टी येते. तिथेही संत्र्याचा ट्रक आधीच उभा असतो. त्याला वळसा घालायला मधात यावे, तर मागून हॉर्न आणि हॉर्नपेक्षा मोठा आवाज: "बाजूले होय ना बे, घरी सांगून आला का?" प्रश्न रास्त आहे. सांगूनच निघावे.

सायकलवाल्याची बरोबरीने इज्जत ठेवणारे एकच वाहन होते, मूर्तिजापूरहून येणारी आमची शकुंतला रेल्वे. तासाला वीसेक किलोमीटरची चाल, आणि स्वतःच्या रुळांवरून उतरून कोणाच्या अंगावर जायची सवय नाही. म्हणूनच बहुधा ती बंद पडली.

सरकार मात्र उदार. मानव विकास योजनेत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. रस्ता ज्याचा त्याने आणायचा. शिवाय जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते, सायकलींच्या मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवले जातात, फोटो निघतात. रिफ्लेक्टरचा फायदा नाही असे कोण म्हणेल? आपण कोणाला उडवतो आहोत, हे ट्रकवाल्याला रात्रीही स्पष्ट दिसते.