वारा चारच्या वर जात नाही

जहाजावर माझ्या लेखनाला फार मान आहे. रात्रीच्या सूचनांच्या नाइट ऑर्डर बुकात कॅप्टन म्हणून मी नुसतं ‘शंका आली तर मला उठवा’ एवढं खरडलं, तरी तीन-तीन अधिकारी त्याखाली सह्या करतात. घरच्या मेलांच्या नशिबी हे नाही.

ब्राझीलच्या तुबाराँहून लोहखनिज भरून चीनच्या चिंगदाओकडे निघालं की सुमारे 11,000 सागरी मैल, म्हणजे सव्वा महिना नुसतं पाणी. एवढ्यात माणूस प्रवासवर्णनकार न झाला तरच नवल. दक्षिण अटलांटिकमधल्या सूर्यास्तावर मी ऐटीत दोन पानं लिहिली. बायकोचं उत्तर आलं, ‘अहो, सूर्यास्त छान. सोसायटीचं चेकबुक कुठल्या कपाटात?’ एकदा तिनं विचारलं, पहिला परिच्छेद कंपनीला पाठवायचा होता का? त्यात अक्षांश, रेखांश, वेग आणि चोवीस तासांत जळलेलं तेल होतं. कंपनीसाठी रोज दुपारचा नून रिपोर्ट लिहून हाताला तेच वळण लागतं.

हवामानाच्या बाबतीत मात्र मी अस्सल ललित लिहितो. इथे ब्यूफर्टसाहेबांबद्दल सांगायलाच हवं (संपादकांनी कापू नये). फ्रान्सिस ब्यूफर्ट हा ब्रिटिश आरमारातला अधिकारी. 1805 साली त्यानं वाऱ्याची प्रतवारी मांडली, ती पुढे शून्य ते बारा अशी रूढ झाली. मजा म्हणजे त्यात ताशी मैल वगैरे भानगड नव्हती. युद्धनौकेला किती शिडं झेपतात, त्यावरून वारा ठरायचा. बारा म्हणजे एकही शीड टिकणार नाही. शिडं गेली, तेव्हा समुद्राचं रूप बघून आकडा द्यायची पद्धत आली. आठला फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेनं ओढले जातात, बाराला हवाच फेसानं भरते. ‘बीगल’च्या ज्या सफरीत ही पट्टी वापरली, तिच्यावर डार्विन होता. त्याला बोट भयंकर लागायची आणि ते त्यानं वडिलांना सरळ कळवून टाकलं. त्याची आई लहानपणीच वारली होती. माझी आई दापोलीत आहे आणि तिला ब्लडप्रेशर आहे.

म्हणून माझी पट्टी चारला संपते. सहाला ‘छान वारा सुटलाय’, सातला ‘थोडं हलतंय’. नऊला मी हवामान सोडून जेवणावर लिहितो. खनिजाचं वजन तळाशी असतं, त्यामुळे भरलेलं जहाज झुलत नाही, हिसडे देतं. ताटं घसरू नयेत म्हणून मेसमध्ये टेबलक्लॉथ ओला करून अंथरतात. घरी कळवलं, ‘आज टेबलावर नुकताच धुतलेला कपडा होता.’ हल्ली मुलगा मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे बघतो. ‘बाबा, तुम्ही आहात तिथे सगळं लाल आहे.’ मी लिहिलं, नकाशे चुकतात.

हीच पट्टी घरीही वापरतात, हे कळायला मला वेळ लागला. एका सफरीत आईनं कळवलं, ‘अप्पांना जरा खोकला आहे.’ पुढच्या मेलात अप्पा नव्हते, आंब्याचा मोहोर होता, अगदी सविस्तर. मी खूष होऊन फवारणीचा सल्लासुद्धा पाठवला. बंदरात फोन लागला तेव्हा समजलं, अप्पा आदल्याच दिवशी आयसीयूतून बाहेर आले होते. मी कॅप्टनच्या आवाजात विचारलं, ‘मला का नाही सांगितलं?’

आई म्हणाली, ‘सांगितलं असतं तर जहाज वळवणार होतास?’

दीड लाख टनांहून जास्त माल घेतलेलं जहाज घरच्या खोकल्यासाठी वळत नाही. हे तिला कोणी शिकवलं, कोण जाणे. बहुतेक मीच.

उद्या केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा आहे. अंदाज आठचा आहे. आईला आजच कळवून टाकलंय की चीफ कुकनं शिरा फार सुरेख केला होता. तुमच्यापैकी कोणी दापोलीला गेलंच, तर तिला यातलं काही बोलू नका. अप्पांना मात्र जवळून नीट बघून या, आणि काय असेल ते मला खरं कळवा.