मनातले मांडे

श्टुटगार्ट,
26 ऑक्टोबर 2025

ती. आप्पा आणि ती. आईस,


फराळाचा डबा पोचला. चकल्या शाबूत, कुंदा सुखरूप. मांड्यांचा मात्र चुरा झाला, तो आम्ही चमच्यानं खाल्ला. आईनं वाईट वाटून घेऊ नये, चव तीच होती.

आता फोनवर अर्धवट राहिलेला विषय. आप्पांनी विचारलं, "लॅपटॉप जुना झाला म्हणतोस आणि नवा घेईनास. पैशाची अडचण आहे काय?" तसं काही नाही. आम्ही पुढच्याची वाट बघतोय. गेल्या आठवड्यात ॲपलचा जाड लॅपटॉप एम5 चिप घालून दुकानात आला. म्हणजे आता पातळ मॅकबुक एअरचा नंबर, असं आमच्या घराचं ठाम मत आहे. तो कसा असावा यावर रोज जेवताना बैठक भरते.

चिरंजीवांचं म्हणणं असं, की पडदा सेकंदाला 120 वेळा नवा झाला पाहिजे. एअरचा 60 वेळाच होतो आणि जाड भावाला 2021 पासून 120 मिळतंय, हा अन्याय आहे. मी म्हटलं, उरलेल्या 60 वेळांत तू काय जास्तीचं बघणार? उत्तर जर्मनमध्ये आलं, म्हणून पुढं विचारलं नाही. सूनबाईंना उन्हात दिसणारा पडदा हवाय. इथं ऊन पडलं की सगळं गाव बाल्कनीत येऊन बसतं, आणि हिला पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो.

माझं मागणं अगदी साधं आहे. उजव्या बाजूला एक पोर्ट. चार्जिंगची जागा डावीकडं, दोन्ही पोर्ट डावीकडं आणि उजवीकडं एकटं हेडफोनचं भोक. माझ्या टेबलाशी भिंतीतला सॉकेट उजवीकडं आहे, त्यामुळं वायर चहाच्या कपाला वळसा घालून येते. कप दोनदा वाचलाय.

खरी भांडणं पंख्यावरून आहेत. 2020 पासून एअरमध्ये पंखाच नाही. चिरंजीवांनी तासभर गेम खेळला की मशीन तापतं आणि मग स्वतःच वेग कमी करतं, म्हणून त्याला पंखा हवाय. तिकडं निपाणीच्या काकांचा निरोप आला, "पंखा घालू नका म्हणावं त्यांना." काकांच्या तंबाखूच्या वखारीतला जुना लॅपटॉप आठवतो ना? पंख्यानं धूळ आत ओढली. उघडला तेव्हा आत बोटभर तपकिरी थर होता, आणि उघडणारा पोरगा पाच मिनिटं शिंकत होता.

आप्पा, तुम्ही म्हणालात, "नवा कशाला? गणपत गल्लीत रॅम घालून घे की, आमच्यात दोन तासांत होतंय." होत नाही ओ. पहिल्या एअरपासूनच रॅम बोर्डावर डाग देऊन पक्का केलेला असतो, आणि आता तर तो चिपच्या शेजारी एकाच पाकिटात बसवतात. घेताना जेवढा घेतला तेवढाच जन्मभर. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे गेल्या वर्षापासून सगळ्यात स्वस्त मॉडेललाही 16 जीबी देतात. साठवण अजून 256 वरच आहे. ती मावशीच्या खानापूरच्या लग्नातल्या व्हिडिओंनी भरली.

आणखी पातळ नको, यावर मात्र घरात एकमत आहे. 2008 साली स्टीव्ह जॉब्सनं पहिला एअर कागदी पाकिटातून काढून दाखवला तेव्हा जग थक्क झालं होतं. 2022 पासून तो 11.3 मिलिमीटर आहे. मांडा पातळ झाला की त्याचं काय होतं ते आत्ताच सांगितलं. वाचलेल्या जागेत बॅटरी घाला म्हणावं.

नवा जाड लॅपटॉप युरोपात चार्जरशिवाय विकतायत. खोक्यात वायर आहे, वीट नाही. हे ऐकून आई "मग स्वस्त असेल" म्हणाली. 

ही म्हणते, किती वाट बघायची? मी तिला आपल्या घराण्याचा इतिहास सांगितला. आजोबांनी 1956 ला सीमाप्रश्न सुटायची वाट बघायला सुरुवात केली. 1967 ला महाजन अहवाल आला, तो पटला नाही. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. लॅपटॉपला फार तर वसंत ऋतू उजाडेल.

नवा आला की जुना तुमच्याकडं धाडतो. कीबोर्ड जर्मन आहे, वाय आणि झेड अदलाबदल झालेत. तुम्ही देवनागरीतच लिहिणार, तुम्हाला काय फरक पडतोय? 1 तारखेच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जाताना गुडघ्याला पट्टा बांधा. आणि आई, पुढच्या वेळी मांडे चुरूनच पाठव.

तुमचा,
बाळू