भाऊसाहेब आणि बिनतलाठ्याची वही

सिद्धगडाच्या पायथ्याच्या मुलखात, नारिवलीपासून मुरबाडच्या बाजारपेठेपर्यंत, निवृत्त तलाठी हा खऱ्या अर्थाने कधीच निवृत्त होत नाही. दप्तर सरकारजमा झाले तरी दप्तरी नजर त्याच्यापाशीच राहते, आणि जगातली यच्चयावत मालमत्ता सातबाराच्या रकान्यांत बसते की नाही, याची चौकशी तो तहहयात करीत राहतो. आमचे भाऊसाहेब याच पंथाचे. शहापुराकडे समृद्धी महामार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मुले, मोबदल्यातली शिल्लक अमेरिकेतल्या बलाढ्य तंत्रज्ञान-कंपन्यांच्या शेअरांत घालावी की बिटकॉइनमध्ये, हा पेच घेऊन त्यांच्या ओटीवर येतात, तेव्हा भाऊसाहेब अडकित्त्यात सुपारी धरतात आणि ती कातरून होईपर्यंत कोणाला तोंड उघडू देत नाहीत.

"कब्जेदार कोण?" हा त्यांचा पहिला सवाल. ॲपल किंवा मायक्रोसॉफ्ट म्हटले की त्यांची मुद्रा निवळते, कारण तेथे संचालक आहेत, कचेरी आहे आणि दर तिमाहीला हिशेब जाहीर होतो. म्हणजे पीकपाहणी नियमित आहे. बिटकॉइनचा मूळ पुरुष सातोशी नाकामोतो हा मात्र 2008 साली एक कागद प्रसृत करून पुढे जो बेपत्ता झाला तो झालाच. "सदर इसम पत्त्यावर आढळून आला नाही," असा शेरा मारून भाऊसाहेब मोकळे होतात. पिकाचा रकाना कोरा, खंड नाही, लाभांश नाही, सबब पडीक. तथापि एकंदर नाणी 2 कोटी 10 लाखांवर जाणार नाहीत, हे कळल्यावर "क्षेत्र मुक्रर आहे म्हणायचे," एवढी दाद ते देतात. त्यातच सरकारने 2022 पासून त्याच्या नफ्यावर 30 टक्के कर बसवला आणि तोटा वजा करण्याची मुभाही ठेवली नाही, हे ऐकून तर त्यांना भरतेच येते. सारा बसला त्याअर्थी मालमत्ता आहे, हे महसुली तर्कशास्त्र त्यांच्या रक्तात भिनलेले.

एका पोराने धिटाईने विचारले, "भाऊसाहेब, 2022 च्या नोव्हेंबरात बिटकॉइन शिखरावरून पाऊण पडलं, तसा मेटाचा शेअरही पाऊण पडला. मग फरक काय?"

"मेटा पडला तेव्हा जाहिरातींचं उत्पन्न चालू होतं ना? बाजारभाव पडला म्हणून भात उगवायचं थांबत नाही."

उत्तर चोख होते, आणि मला वाटते सबंध वादातला खरा मुद्दाही तोच होता. परंतु पोरगे हटेना. बिटकॉइनची प्रत्येक खरेदी-विक्री एका वहीत नोंदली जाते, ती वही जगभर हजारो संगणकांवर असते, आणि नोंद घालायला तलाठी लागतच नाही, असे त्याने सांगितले मात्र, भाऊसाहेबांच्या हातातला अडकित्ता थबकला.

"फेरफाराची नोटीस?"

"नाही."

"पंधरा दिवसांत हरकत?"

"नाही."

"मंडळ अधिकाऱ्याची सही तरी?"

"तीही नाही. आणि एकदा पडलेली नोंद खोडता येत नाही."

हा आघात मात्र वर्मी बसला. ज्या वहीत हस्तदोष दुरुस्त करण्याची सोय नाही, ती वही मनुष्यांकरिता केलेली नव्हे, असा अभिप्राय नोंदवून त्यांनी प्रकरण पुढील तारखेवर ठेवले. ती तारीख अद्याप लागलेली नाही. त्यांची स्वतःची पुंजी मुरबाडनजीकच्या एका बिनशेती तुकड्यात गुंतलेली असून, त्या गटाबाबत त्यांनीच नोकरीत असताना घातलेल्या एका नोंदीवर त्यांच्या चुलतभावाने घेतलेले अपील प्रांतांकडे प्रलंबित आहे.