शिफारशीचा दस्तूर

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील ग्रामीण साहित्य संमेलनांत पदरमोड करून छापलेल्या नव्या अद्भुतरम्य कादंबरीची, तिची पाने अद्याप परस्परांस चिकटलेली असतानाच, प्रमुख पाहुणे जी मुक्तकंठाने शिफारस करतात, ती ऐकता शिफारशीस वाचनाची पूर्वअट नसावी असे दिसते. हळब्यांच्या 'मुक्तामाला' या कादंबरीपासून, म्हणजे १८६१ पासून, मराठी वाचक अद्भुतास सरावलेला आहे. त्यातून बेळगाव-निपाणीच्या रयतेस १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर दर निवडणुकीस जाहीरनाम्याच्या रूपाने ताजे अद्भुतरम्य वाङ्मय विनामूल्य घरपोच मिळत असल्यामुळे, दाम मोजून राक्षस आणि मायानगरी कोण विकत घेणार? तथापि वाचकहो, त्या बिचाऱ्या स्वयंप्रकाशित लेखकाची एक प्रत खरेदी करा, वाचा आणि नावडल्यास तसे खुशाल सांगा.