साडू आणि साडेतीनशे व्होल्ट

आमच्या साडूंना गिटार येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की येत असणार. त्यांना एक ई मायनर लावता येते, तीही दोन बोटांत भागते म्हणून. तिसरं बोट टेकवायची वेळ आली की साडू म्हणतात, ‘तारा नवीन आहेत.’

बँकेतून निवृत्त झालेली माणसं सहसा सोसायटीची सेक्रेटरी होतात किंवा चारधामला जातात. साडूंनी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचं किट मागवलं. तयार अ‍ॅम्प्लिफायर नव्हे. सुटे भाग, पत्र्याची चासी आणि एक नकाशा. तयार घेतला असता तर तिसऱ्या हिश्श्यात आला असता, हे ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, पहिल्याच दिवशी काढलं होतं. ‘व्हॉल्व्हचा आहे,’ साडूंनी मला फोनवर हळूच सांगितलं. पूर्वी लोक ‘मुलीचं ठरतंय, पण इतक्यात बोलू नका’ ज्या आवाजात सांगत, तोच आवाज.

किट होतं फेंडर कंपनीच्या ५एफ१ चॅम्पच्या धर्तीचं. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातला हा अमेरिकन नमुना, व्हॉल्व्ह तीनच. एक १२एएक्स७ गिटारचा बारीक आवाज उचलून मोठा करायला, एक ६व्ही६ तो स्पीकरपर्यंत ढकलायला आणि एक ५वाय३ एसीचं डीसी करायला. ताकद सुमारे ५ वॅट.

‘पाच?’ ताई म्हणाल्या. ‘आपल्या बाथरूममधला बल्ब नऊचा आहे.’

यावर साडूंनी एरिक क्लॅप्टनने १९७० साली ‘लैला’ अल्बमच्या वेळी असलाच छोटा चॅम्प वापरल्याचं सांगितलं. ताईंना क्लॅप्टन माहीत नाही. मग साडूंनी हुकमी पान टाकलं: हे यंत्र काढणारा लिओ फेंडर शिक्षणाने हिशेबनीस. नोकरी गेल्यावर १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्याने रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं, पुढे जगभरच्या गिटारवाल्यांना वेड लावलं, आणि स्वतः गिटार वाजवायला मात्र कधीच शिकला नाही. हे सगळं खरं आहे. साडू ते अशा सुरात सांगतात की फुलर्टन ही त्यांचीच एखादी जुनी शाखा वाटावी.

खोकं उघडलं त्या दिवशी त्यांनी आधी टॅली केली. यादीतला प्रत्येक भाग मोजला, टिक केला, सही केली. एक रेझिस्टर कमी भरला. पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश जुळवलेल्या माणसाला हा धक्का फार मोठा. त्या रात्री साडू जेवले नाहीत. सकाळी तो रेझिस्टर त्यांच्याच सपातीच्या तळव्यात रुतलेला सापडला. मग सगळे भाग सुरक्षित जागी हलवायचं ठरलं आणि स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा बाहेर आला. मोहरीच्या वाटीत बावीस के, हळदीच्या वाटीत एक मेग, हिंगाच्या वाटीत कपॅसिटर. महिनाभर त्या घरात पुडीतून फोडणी झाली.

रेझिस्टरची किंमत त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायची असते. रंगांचा क्रम लक्षात ठेवायला बारावीला पाठ केलेला तो बीबीरॉय आणि त्याची गुणी बायको साडूंना अजून आठवत होती. पट्ट्या मात्र दिसत नव्हत्या. तपकिरी, काळा, पिवळा म्हणजे एक लाख ओहम. तपकिरी, काळा, हिरवा म्हणजे दहा लाख. ट्यूबलाइटखाली तो तांदळाएवढा दागिना माझ्यासमोर धरून साडूंनी विचारलं, ‘हा पिवळा की हिरवा?’ मी म्हणालो, ‘पोपटी.’ तेव्हापासून माझी नेमणूक टॉर्च धरण्यावर झाली.

टॉर्च धरणाऱ्याला मात्र सगळं जवळून दिसतं. किटमधल्या वायरीवर प्लॅस्टिक नसतं, सुती वेष्टण असतं. ते सोलायचं नाही, नखाने मागे सरकवायचं, की आतली चकचकीत तार उघडी पडते. ती बोर्डाच्या भोकात ओवायची, तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवायचं, आणि मग शिशाची तार लावायची. शिसं वितळून क्षणात पसरतं, आतली राळ जळून धुराची रेघ थेट नाकात येते. डाग गार होऊन चमकला तर जमला. मळकट, दाणेदार दिसला तर ते ‘ड्राय सोल्डर’: वरून चिकटलेलं, आतून करंट नाही.

हा शब्द पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने साडूंना शिकवला आणि ते बिघडले. नवशिक्याच्या हाती एक रोग लागला की त्याला सगळं जग त्याच रोगाने आजारी दिसतं. मिक्सर बंद पडला: ड्राय सोल्डर. शेजारच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं: ‘मी साखरपुड्यालाच म्हटलं होतं, ड्राय सोल्डर आहे.’ माझ्या गुडघ्याबद्दलही त्यांचं हेच निदान आहे.

आता विजेचं. या यंत्राच्या पोटात साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, आणि प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर ते धरून बसतात. म्हणून चालू चासीत काही मोजायचं तर उजव्या हाताने, डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंटचा रस्ता छातीतून जातो. नियम साडूंना तत्काळ पटला. अडचण एवढीच की घरात ते लेंगा घालतात आणि लेंग्याला खिसा नाही. पँट घालून बसा, असं मी सुचवलं. पण नाही, साडू टेलरकडे गेले आणि दोन लेंग्यांना डावीकडे खिसा लावून आणला. टेलरने कारण विचारलं. साडू म्हणाले, ‘हाय व्होल्टेज.’ टेलरने पैसे आगाऊ घेतले.

पहिल्यांदा चालू करताना वाटेत सिरीजमध्ये जुना तारेचा बल्ब लावायचा असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि महागाचा ट्रान्सफॉर्मर वाचतो; सगळं ठीक असेल तर तो जरा पेटून मंद होतो. पण आता एलईडीच्या राज्यात शंभरचा पिवळा बल्ब आणायचा कुठून? पुण्यातली सहा दुकानं झाली. एकाने देवघरासाठी झीरोचा आहे म्हणून सांगितलं. अखेर सासवडजवळ त्यांच्या चुलतभावाच्या पोल्ट्रीत, पिल्लांना ऊब द्यायला लावलेला एक मिळाला. पिल्लांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मुहूर्त. ताईंनी वैतागतच, पण ट्रान्सफॉर्मरला हळदकुंकू वाहिलं. साडूंनी डावा हात खिशात घातला, उजव्याने बटण दाबलं. बल्ब भपकन पेटला, मंद झाला. व्हॉल्व्हच्या काचेत निखाऱ्यासारखी बारीक रेघ उमटली. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच स्पीकरमधून अशी किंकाळी फुटली की वरच्या मजल्यावरच्यांनी गॅस बंद केला. ५ वॅट म्हणजे काय ते ताईंना त्या दिवशी कळलं.

साडू तीन दिवस नकाशा घेऊन बसले. लाकडी काडीने एकेक सांधा टोचून पाहिला. ड्राय सोल्डर एकही नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं. चौथ्या दिवशी उलगडा झाला. या सर्किटमध्ये स्पीकरकडे चाललेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून आधीच्या व्हॉल्व्हकडे परत पाठवतात, त्याने आवाज आवरता राहतो. शेवटच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल झाली की तोच अंश सुलटा पोचतो आणि यंत्र स्वतःच्याच आवाजाला चढत जातं. ‘डेबिटचं क्रेडिट झालं होतं हो!’ साडू ओरडले. दोन तारा फिरवल्या. किंकाळी गेली.

माझा पुतण्या गिटार घेऊन आला आणि चांगला अर्धा तास वाजवत होता. काय सुरेख आवाज, जरा खरखरीत, ऊबदार. ताईसुद्धा पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. साडू मात्र डोळे मिटून, मान तिरपी करून, कान चासीला लावून बसले होते. गाणं संपल्यावर मला म्हणाले, ‘ऐकलंत? त्याच्या मागे अगदी बारीक घूं. पन्नास हर्ट्झ. फिलामेंटच्या वायरी नीट पिळल्या गेल्या नाहीत.’ त्यांच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत नव्हतं ते तेज आलं होतं.

पुढच्या रविवारी गेलो तर चासी पुन्हा उताणी. शेजारी एक नवं खोकं. ‘दोन ६व्ही६ आहेत याच्यात,’ साडू हळूच म्हणाले. ताईंनी एव्हाना जुन्या डब्यावर पाणी सोडून बाजारातून नवा मिसळणाचा डबा आणला होता. साडूंनी त्याचं झाकण उघडून वाट्या मोजल्या.

‘सातच?’ त्यांनी विचारलं.