जित्याची खोड, 7,499 रुपये

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण ज्यानं काढली त्याला पेण तालुक्यातलं जिते ठाऊक नसावं. समजा, मुंबईच्या एका होतकरू शेठनं तिथं वेलनेस रिट्रीट काढलं. दहा कुट्या, एक तरणतलाव, प्लास्टरचा एक बुद्ध. कसलीही खोड दोन रात्रींत घालवून मिळेल. प्रश्न एवढाच, दर काय लावायचा?

शेठच्या मनात दहा हजार होते. सीए म्हणाला, ‘शांती हवी तेवढी महाग विका, पण खोली साडेसात हजारांच्या वर नेऊ नका.’ 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की अठरा. 7,499 ची खोली पाहुण्याला 7,874 ला पडते, 7,501 ची 8,851 ला. शेठच्या दोन रुपयांच्या मोहापायी पाहुण्याला पावणेदहाशेंचा फटका! शिवाय एखादी जरी खोली हा उंबरठा ओलांडून गेली, तर पुढच्या आर्थिक वर्षात तिथल्या उपाहारगृहातल्या नाचणीच्या पेजेवरही पाचाऐवजी अठरा टक्के. (त्यात इनपुट क्रेडिट मिळतं, पण ते शेठला. पाहुण्याला पेजच.) मोह आवरायला इतकं कडक शास्त्र पतंजलींनीही सांगितलं नसेल.

मग वही उघडली. दहा कुट्या, तीस रात्री, म्हणजे महिन्याला तीनशे कुटी-रात्री. भरतात त्या शुक्रवार-शनिवारच्या. आचारी, माळी, रखवालदार आणि योगशिक्षक यांचा पगार मात्र मंगळवारीही चालूच. त्यामुळे मंगळवारच्या रिकाम्या कुटीचं भाडं शनिवारचा पाहुणा भरतो, आणि समजतो की आपण प्राणायामाचे पैसे दिले. पाठीच्या मालिशचा दर वेगळा. त्याला गिऱ्हाईक पुरवायचं काम मुंबई-गोवा महामार्ग इमानेइतबारे करतो. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं होतं.

या धंद्याचं खरं गणित वजाबाकीचं आहे. हॉटेल जे देतं त्याचे पैसे घेतं, रिट्रीट जे काढून घेतं त्याचे. मोबाइल काढून घेतला की ‘डिजिटल उपवास’, रात्रीचं जेवण काढलं की ‘शुद्धी’, बोलणं बंद केलं की ‘मौनसाधना’. मौनाच्या दराची चौकशी करायला शेठनं इगतपुरीकडे नजर टाकली आणि त्याला घाम फुटला. सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतल्या धम्मगिरीत 1976 पासून विपश्यना शिकवतात. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारची घंटा, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत. देणगीसुद्धा शिबिर पुरं केलेल्याकडूनच घेतात. म्हणजे माल आधी वापरायचा, पटला तर द्यायचं! ‘हे टिकतं कसं?’ शेठनं विचारलं. सीएनं वहीत ‘स्पर्धक’ या सदराखाली इगतपुरी लिहिलं आणि खोडलं.

माती-उपचाराचंही तेच. गांधीजींनी 1946 साली उरुळीकांचनला निसर्गोपचार नेला तो गरीब खेडूतासाठी, कारण माती, पाणी आणि ऊन त्याच्या दारात असतं. इथं तीच माती ‘मड थेरपी’ म्हणून तासावर विकायची. आणि जित्याच्या पुढचंच स्टेशन हमरापूर. तिथं आणि जोह्याला मातीचा हिशेब घराघरात मुरलेला. गणपतीचा कारखानदार मुंबईच्या सीएला शिकवेल: पैसा वर्षभर गुंतवायचा, माती, रंग, मजुरी चढवत न्यायची आणि वसुली भाद्रपदाच्या तोंडावर. पेणच्या गणेशमूर्तींना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेठच्या बुद्धाला मात्र अजून कुणी गाव विचारलेलं नाही.

हिशेब खऱ्या अर्थानं चुकला तो पोपटीत. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा; पाण्याचा थेंब नाही. तोंडही पाल्यानं गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की पोपटी झाली. पेण-अलिबागकडे ही शेतावरची फुकट चैन. पत्रकात ती ‘आदिम धूम्र-भोजन अनुभव’ झाली, माणशी बाराशे. शेठनं मडकं धरलं, शेंगा धरल्या, पाला मात्र हिशेबात शून्य, कारण तो बांधावर उगवतो. तो खुडून कुणीतरी आणावा लागतो, हे वहीत कुठंच नव्हतं.

आणणारी बाई वाडीवरची कातकरी. तिचं घर एरवी या दिवसांत वीटभट्टीवर जातं. या वर्षी ती मागं राहिली म्हणून सापडली. तिची मजुरी कशात धरायची यावर चर्चा झाली आणि ती ‘किरकोळ’मध्ये गेली, अगरबत्तीच्या खाली. महाराष्ट्रात रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. कुटीच्या एका रात्रीत असे चोवीस दिवस बसतात, जीएसटी वेगळा.